लायब्ररी सांभाळणाऱ्यांना खुलं पत्र: जुनी आवृत्ती सोडा, पण सांगून सोडा

ओपन सोर्स लायब्रऱ्या सांभाळणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बहुतेकांना मी ओळखत नाही, पण तुमच्या लायब्रऱ्यांचा, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरावा म्हणून खुला ठेवलेला, कोड रोज माझ्या हाताखालून जातो. मोजमाप करणाऱ्या यंत्रांना जोडलेल्या संगणकांवरचे प्रोग्रॅम सांभाळणं हे माझं काम. असं यंत्र दहा-पंधरा वर्षं सहज चालतं. त्याच्या शेजारचा संगणक यंत्र बनवणाऱ्यांनी तपासून दिलेल्या सिस्टिमवरच चालवावा लागतो, आणि त्यातलं काहीही बदललं की सगळी मोजमापं पुन्हा पडताळून घ्यावी लागतात. त्यामुळे प्रोग्रॅमिंग भाषेची नवी आवृत्ती आली म्हणून लगेच ती घालता येत नाही.

गेल्या वर्षी अशाच एका संगणकाची डिस्क गेली. नवी डिस्क बसवली, सिस्टिम पुन्हा टाकली, पायथन या भाषेची 3.7 ही आवृत्ती टाकली आणि लागणारी पॅकेजेस उतरवून घेतली. प्रोग्रॅम सुरू केला, तर पहिल्याच इम्पोर्टला, म्हणजे लायब्ररी आत घेतानाच, सिंटॅक्स एरर (व्याकरणाची चूक). एरर आमच्या कोडमध्ये नव्हती. मोजमापांच्या फायली वाचून तक्ते करणारी एक छोटी लायब्ररी आम्ही वापरतो, तिच्या पोटात होती. त्या लायब्ररीच्या आवृत्तीतला फक्त तिसरा आकडा एकाने वाढला होता, म्हणजे रिवाजाप्रमाणे निव्वळ बगदुरुस्ती. पॅकेजच्या माहितीत ‘पायथन 3.6 किंवा पुढचं’ असंच अजून लिहिलेलं होतं, म्हणून पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने, ती बिनतक्रार बसवली.

जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून फरक पाहिला. आधी दोन ओळी होत्या. पहिलीत यादीची लांबी एका व्हेरिएबलमध्ये ठेवलेली, दुसरीत ती शून्यापेक्षा जास्त आहे का हे पाहिलेलं. आता त्या दोन ओळींची एक झाली होती आणि मधोमध ‘:=’ हे चिन्ह बसलं होतं. हे चिन्ह पायथनमध्ये आलं 3.8 मध्ये, ऑक्टोबर 2019 ला. बदलाच्या नोंदीत एकच शब्द होता: साफसफाई.

एक ओळ वाचली आणि आमचं यंत्र दीड दिवस बंद राहिलं. लायब्ररीची नेमकी आवृत्ती मी बांधून ठेवली नव्हती, ही चूक माझी, आणि ती मी सुधारली आहे. पण त्या दीड दिवसात मला जे कळलं ते तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

आधी हे सांगते की मला त्या दिवशी लागलेली ठेच सगळ्यात सौम्य प्रकारची होती. व्याकरण नवं असलं की पायथन ती फाइल वाचतानाच अडतं. ती ओळ कधी चालणार असो वा नसो, अख्खी फाइल नाकारली जाते, आणि तुम्हाला ताबडतोब कळतं. नवीन फंक्शन वापरलं असेल तर गोष्ट वेगळी. पायथन 3.9 मध्ये, 2020 साली, मजकुराच्या शेवटचा ठरावीक तुकडा काढून टाकणारी ‘रिमूव्हसफिक्स’ ही सोय आली. 3.7 वर ती फाइल छान इम्पोर्ट होते, प्रोग्रॅम सुरू होतो, दिवसभर चालतो. मग कधीतरी एखादी वेगळ्या नावाची फाइल येते, कोड त्या फांदीवर जातो आणि तिथे कोसळतो. तोवर सगळे घरी गेलेले असतात.

आणि तिसरा प्रकार, ज्याची मला खरोखर भीती वाटते. पायथनच्या डिक्शनरीत, म्हणजे चावी आणि किंमत अशा जोड्यांच्या साठ्यात, गोष्टी ज्या क्रमाने घातल्या त्याच क्रमाने बाहेर येतात, ही भाषेची हमी 3.7 पासूनची आहे. 3.5 वर तशी हमी नाही. मजकुराच्या चाव्या असतील, तर प्रोग्रॅम प्रत्येक वेळी नव्याने सुरू केल्यावर क्रम बदलू शकतो. आता समजा, एखाद्या लायब्ररीने स्तंभांची नावं डिक्शनरीतून काढली आणि त्यांच्या क्रमावर भरवसा ठेवून खाली आकडे लिहिले. 3.5 वर एररही येत नाही आणि प्रोग्रॅम थांबतही नाही. तक्ता छापून येतो, फक्त तापमानाच्या शीर्षकाखाली दाबाचे आकडे असतात. ‘आमची लायब्ररी 3.5 वर चालते’ असं कुणी फक्त इम्पोर्ट करून पाहून म्हणत असेल, तर त्याला ‘चालते’ या शब्दाचं वजन कळलेलं नाही.

आता तुमच्या बाजूबद्दल. एक छोटी लायब्ररी मीही सांभाळते. चार भाषा-आवृत्त्यांवर चाचण्या चालवणं म्हणजे काय, एका जुन्या आवृत्तीसाठी सगळ्या कोडभर ‘जर आवृत्ती यापेक्षा कमी असेल तर’ अशा अटी पेरणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी अनेक जण हे रात्री जागून, पदरमोड करून करतात. भाषा बनवणाऱ्यांनीच जी आवृत्ती बंद केली, तिच्या सुरक्षेच्या चुकाही आता कुणी दुरुस्त करत नाही, ती तुम्ही आयुष्यभर उचलून धरा असं मागण्याचा मला हक्क नाही, आणि मी ते मागतही नाही. जुनी आवृत्ती सोडायचा अधिकार पूर्णपणे तुमचा आहे. माझं म्हणणं एवढंच की ते सोडणं हा ठरवून घेतलेला, जाहीर केलेला आणि तपासलेला निर्णय असू द्या. एखाद्या दुपारच्या साफसफाईत तो नकळत होऊन जाऊ देऊ नका.

कारण तुमची लायब्ररी भाषेच्या कोणत्या आवृत्तीपासून पुढे चालते, हा तुमच्या लायब्ररीचा भाग आहे. फंक्शनचं नाव जितकं तिचा भाग आहे, तितकाच. फंक्शनचं नाव तुम्ही तिसऱ्या आकड्यात बदलणार नाही. मग हा उंबरठा तिसऱ्या आकड्यात कसा उचलता?

जुन्याला सांभाळणं म्हणजे पुढे जायला नकार देणं, असा एक समज आहे. मला वाटतं तो मुळातच उलटा आहे, आणि त्याचा सगळ्यात मोठा पुरावा पायथनच्याच इतिहासात आहे. डिसेंबर 2008 मध्ये पायथन 3.0 आलं. तेव्हाची कल्पना अशी की लोक एका साधनाने जुना कोड नव्यात बदलून घेतील आणि पलीकडे निघून जातील. तसं झालं नाही. कुठलाही मोठा प्रकल्प एका उडीत पलीकडे जाऊ शकत नव्हता, कारण तो ज्या वीस लायब्रऱ्यांवर उभा होता त्या सगळ्या एकाच दिवशी जाणार नव्हत्या. लोकांनी स्वतःच वाट काढली. एकच कोड असा लिहायचा की तो 2 वरही चालेल आणि 3 वरही. त्यासाठी ‘सिक्स’ नावाची लायब्ररी जन्माला आली, दोन गुणिले तीन सहा म्हणून ते नाव.

भाषा बनवणाऱ्यांनाही हे उमगलं, आणि त्यांनी माघार घेतली. मजकुराच्या आधी लावायचं ‘यू’ हे अक्षर 3.0 मध्ये काढून टाकलं होतं. नव्या भाषेत त्याला काहीच अर्थ उरला नव्हता. तरीही 2012 साली 3.3 मध्ये ते परत आणलं. त्याचं काम एकच: दोन्हीकडे चालणारा कोड लिहिणं सोपं व्हावं. बाइट्सवरचं टक्के-चिन्हाचं फॉरमॅटिंगही असंच 2015 मध्ये 3.5 ला परत आलं. पायथन 2 च्या 2.7 या शाखेचा शेवट 2015 ला ठरला होता, तो 2014 मध्ये 2020 पर्यंत पुढे ढकलला गेला, आणि 2.7.18 ही अखेरची आवृत्ती एप्रिल 2020 मध्ये निघाली. ही बारा वर्षं वाया गेली असं म्हणणारे मला भेटतात. मी त्यातून वेगळं शिकले. लोक पुढे जातात ते दोन्हीकडे चालणाऱ्या कोडवरून. तो सांधा जितका रुंद, तितके लोक लवकर पार होतात.

हे लायब्रऱ्यांना जसंच्या तसं लागू आहे. माझ्या प्रोग्रॅमला ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन लायब्रऱ्या लागतात असं धरा. ‘अ’च्या ताज्या आवृत्तीला 3.10 हवं. ‘ब’ अजून 3.10 वर चालत नाही, कारण ती पायथनसोबतच येणारा ‘मॅपिंग’ हा प्रकार ‘कलेक्शन्स’ या जुन्या पत्त्यावरून उचलते आणि तो पत्ता 3.10 मध्ये, 2021 साली, बंद झाला. आता मी 3.9 वर राहिले तर ‘अ’ची सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही, आणि 3.10 वर गेले तर ‘ब’ मोडते. दोघांपैकी कुणीही स्वतंत्रपणे काही चुकीचं केलेलं नाही, तरी माझं गाडं अडलं. ‘अ’ने आणखी एक वर्ष 3.9 धरून ठेवलं असतं, तर मी आधी ‘अ’ बदलली असती, मग ‘ब’ची वाट पाहिली असती, मग पायथन बदललं असतं. एका वेळी एक गोष्ट. सगळं एका रात्रीत बदलावं लागलं की काही मोडल्यावर ते नेमकं कशामुळे मोडलं हे सांगता येत नाही, आणि माझ्यासारखे लोक मग काहीच बदलत नाहीत. जुन्या पत्त्याची ती गोष्टही बघण्यासारखी आहे. नवा पत्ता 3.3 पासून होता. जुना 3.9 मध्ये जायचा होता, तो मुद्दाम आणखी एका आवृत्तीपुरता ठेवला गेला, कारण अनेक लायब्रऱ्यांचा 2.7 शी संबंध नुकताच सुटत होता. भाषा तुमच्यासाठी थांबली. तुम्ही आमच्यासाठी थोडं थांबा, एवढंच मी मागते आहे.

थांबणारे सगळे आळशी असतात असंही नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 8 मे 2019 मध्ये आलं, त्याच्या सिस्टिमचं मूळ पायथन 3.6. पायथनच्या बाजूने 3.6 डिसेंबर 2021 मध्ये संपलं. त्या लिनक्सचा आधार मात्र 2029 पर्यंत आहे. हे दोन्ही आकडे आपापल्या जागी रास्त आहेत. त्या दोन तारखांच्या मधल्या वर्षांत खूप माणसं काम करत असतात.

उंबरठा जाहीर करायची साधनं आता आहेत, हे चांगलं. नोव्हेंबर 2016 मध्ये पिप 9.0 आलं, तेव्हापासून पॅकेजने ‘मला अमुक पायथन लागतं’ असं लिहिलं असेल तर पिप ते वाचतं आणि जुन्या पायथनवर आपोआप त्याला जुळणारी शेवटची आवृत्ती बसवतं. आयपायथन या, पायथन ओळीओळीने चालवून पाहायच्या साधनाने याचा चांगला उपयोग केला. 2017 मध्ये 6.0 फक्त पायथन 3 साठी काढलं, आणि 2.7 वाल्यांसाठी 5 ची शाखा दुरुस्त्यांसह चालू ठेवली. ज्यांना पुढे जायचं ते गेले, ज्यांना थांबणं भाग होतं त्यांच्या हातात चालणारी गोष्ट राहिली. असं नीट लिहिलेलं असेल, तर उंबरठा वाढवायला आवृत्तीचा पहिलाच, म्हणजे मोठ्या बदलाचा, आकडा बदलला पाहिजे असा माझा हट्ट नाही. मधला आकडाही चालेल. मात्र ते लिहिणं खरं असलं पाहिजे. एकाच रिलीजमध्ये ते लिहायचं राहून गेलं, तर पिप मागे सरकताना नेमकं तिथेच थांबतं आणि न चालणारी आवृत्ती जुन्या पायथनवर बसवतं. असं झालं तर ते रिलीज मागे घेण्याची सोय आहे, ती वापरा. पुढची नीट आवृत्ती काढली म्हणून आधीचा खड्डा बुजत नाही.

रस्ट या भाषेत किमान आवृत्ती लिहायची जागा 2021 पासून आहे. पण अवलंबून असलेली पॅकेजेस निवडताना कार्गो हा रस्टचा पॅकेज-व्यवस्थापक ती विचारात घेऊ लागला तो जानेवारी 2025 मध्ये, 1.84 पासून. मधली वर्षं वापरणाऱ्यांनी हाताने आवृत्त्या जुळवत काढली. गो भाषेने 1.22 मध्ये लूपमधल्या व्हेरिएबलचा अर्थच बदलला, तरी ज्या मॉड्यूलने आपल्या फाइलीत 1.22 किंवा पुढचं लिहिलं त्यालाच नवा अर्थ लागू केला. बाकीच्यांचा कोड पूर्वीसारखाच चालत राहिला. लिहिलेल्या एका ओळीला एवढं महत्त्व देता येतं.

आता चाचणीबद्दल, कारण घोळ इथेच होतो. जो उंबरठा तुम्ही लिहिला आहे त्या आवृत्तीवर तुमच्या चाचण्या खरोखर चालतात का? जावातलं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. जावा 9 मध्ये ‘बाइटबफर’च्या ‘फ्लिप’ या मेथडचा परतावा बदलला. आधी ती पालक क्लासचा प्रकार परत करायची, आता स्वतःचाच. सोर्समध्ये काहीच फरक दिसत नाही. पण नव्या जेडीकेवर (जावाच्या कंपायलरसह येणाऱ्या साधनसंचावर) ‘सोर्स 8, टार्गेट 8’ असं सांगून कंपाइल केलं, तर क्लास फाइल दिसते जावा 8 ची आणि आत नोंद मात्र नव्या मेथडची असते. कंपायलर खूश, जावा 8 वर चालवलं की ‘अशी मेथडच नाही’. ज्यांनी काळजीपूर्वक 8 लिहिलं होतं, त्यांनाही हा फटका बसला. जावा 9 सोबतच आलेला ‘रिलीज’ हा पर्याय त्या आवृत्तीच्या खऱ्या लायब्ररीशी ताडून कंपाइल करतो, तो वापरला की हे टळतं. पण तो पर्याय वापरूनही, एकदा प्रत्यक्ष जावा 8 वर चाचण्या चालवल्याशिवाय मी कुणाला शब्द देणार नाही. मधल्या सगळ्या आवृत्त्यांवर चाचणी परवडत नसेल तर सोडा. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी, या दोन टोकांवर चालवा. बहुतेक गोष्टी टोकांनाच मोडतात.

उंबरठा कधी वाढवावा? गरज पडेल तेव्हा, आणि गरज शब्दांत सांगता येईल तेव्हा. लिनक्स कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, 2022 मध्ये, 5.18 ला, सी भाषेच्या 1989 च्या आवृत्तीवरून 2011 च्या आवृत्तीवर उडी घेतली. कारण नेमकं होतं: याद्यांवरून फिरणाऱ्या लूपचं व्हेरिएबल लूपबाहेरही जिवंत राहायचं आणि तिथे चुकीने वापरलं जायचं, ते लूपच्या आत जाहीर करता यावं म्हणून. कर्नलला लागणारा सगळ्यात जुना कंपायलर तोवर जीसीसी 5.1 झालेलाच होता, त्यामुळे कुणी मागे पडलं नाही. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं गिट हे साधन बनवणाऱ्यांची पद्धत तर मला मनापासून आवडते. सीमधली एखादी नवी सोय वापरायची असली, तर आधी ती सगळीकडे पसरवत नाहीत. कोडच्या एकाच जागी, जिथून सहज मागे घेता येईल अशा ठिकाणी ती घालतात आणि काही रिलीज थांबतात. कुणाच्या कंपायलरला अडचण आली तर तो सांगतो, आणि एक छोटा बदल उलटवला की झालं. ते याला चाचणीचा फुगा म्हणतात. स्ट्रक्चरमधल्या घटकांना नावाने किंमत देण्याची सोय त्यांनी 2017 मध्ये अशीच आजमावली. जुन्या कंपायलरवर नेमकं कोण आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी अंदाज बांधण्याऐवजी विचारलं.

कोड आपोआप नव्या धाटणीत बदलणारी जी साधनं आहेत, त्यांच्याकडे एकदा लक्ष द्या. त्यांना तुमचा उंबरठा सांगावा लागतो. तो चुकीचा सांगितला किंवा सांगायचाच राहिला, तर साधन तुमच्या वतीने निर्णय घेऊन टाकतं, आणि शे-दीडशे फायलींच्या बदलात ‘:=’ कुणाच्या नजरेस पडत नाही.

आमच्या बाजूची जबाबदारीही मी लिहून ठेवते. आवृत्त्या बांधून ठेवणं आमचं काम. तुमच्या सूचना वाचणं आणि डेप्रिकेशनचे, म्हणजे ‘ही सोय लवकरच जाणार’ असे, इशारे बंद न करणं आमचं काम. जुन्या आवृत्तीसाठी काही हवं असेल तर रागाने मागण्याऐवजी दुरुस्ती लिहून पाठवणं, चाचणीचं यंत्र देणं, आणि ज्या संस्था यावर पैसे कमावतात त्यांनी पैसे देणं. हे आम्ही पुरेसं केलेलं नाही. माझ्याकडे पायथन 3.7 चं एक यंत्र रिकामं आहे. ज्यांना आपल्या चाचण्या त्यावर चालवून हव्या असतील त्यांनी सांगावं, रात्री चालवून सकाळी निकाल पाठवीन.

त्या तक्त्यांच्या लायब्ररीच्या मेंटेनरना मी तेव्हाच लिहिलं होतं. सोबत दोन ओळींची दुरुस्ती जोडली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती घेतली, चुकलेलं रिलीज मागे घेतलं आणि चाचण्यांच्या यादीत सगळ्यात जुनी आवृत्ती घातली. त्या चाचण्यांत कोडमध्ये एक ‘रिमूव्हसफिक्स’ही सापडलं, ज्याची ठेच अजून कुणाला लागली नव्हती. शिवाय पुढच्या मधल्या आकड्याला 3.7 सोडणार असं त्यांनी बदलांच्या नोंदीत सहा महिने आधीच, कारणासह लिहून टाकलं. ते वाचून मी यंत्र बनवणाऱ्यांकडे नव्या सिस्टिमच्या पडताळणीची मागणी नोंदवली. ती तारीख माझ्या टेबलावर लिहिलेली आहे आणि तयारी सुरू आहे.

तुमची,
एक वापरकर्ती